विश्लेषण : गॅस गिझर पाणी का तापवत नाही? मेकॅनिकला बोलावण्याआधी काय तपासावे?

डिसेंबर उजाडला की गॅस गिझर दुरुस्त करणाऱ्यांचे फोन भल्या सकाळपासून वाजू लागतात. तक्रार एकाच वाक्याची असते : ‘गिझर पाणी तापवत नाही.’ पण या एका वाक्यात निरनिराळे बिघाड दडलेले असतात. कुठे ठिणगीची टिकटिकच येत नाही, कुठे टिकटिक येते पण ज्योत पेटत नाही, कुठे पेटून लगेच विझते, तर कुठे सगळे व्यवस्थित पेटूनही पाणी कोमटच राहते. यातल्या निम्म्याहून अधिक गोष्टी घरच्या घरी, एकही स्क्रू न उघडता ओळखता येतात. मात्र एक प्रकार असा आहे की त्यात गिझर बिघडलेलाच नसतो. आजूबाजूची हवा जळण्यायोग्य उरलेली नाही म्हणून तो स्वतःहून बंद होतो. आणि नेमकी त्याचीच ‘दुरुस्ती’ करून घेणे जिवावर बेतू शकते.

नळ उघडल्यावर आत काय घडते?

गॅस गिझरमध्ये पाणी साठवले जात नाही. गरम पाण्याचा नळ उघडला की पाणी गिझरमधून वाहू लागते आणि वाहता वाहताच तापते. पाणी आत शिरते तिथे एक झडप असते आणि तिच्यात रबराचा पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम. पाण्याला पुरेसा जोर असेल तर हा पडदा फुगतो आणि एक बारीक दांडी पुढे ढकलतो. ती दांडी दोन कामे करते : गॅसची वाट मोकळी करते आणि एक छोटासा स्विच दाबते. स्विच दाबला गेला की खालच्या डबीतल्या दोन जाड सेलमधून वीज मिळते, ठिणगी पडू लागते आणि त्याच वेळी गॅसची दुसरी, विजेवर चालणारी झडप उघडते. बर्नर पेटतो.

पेटल्यावर लगेच तपासणी सुरू होते. ज्योतीत एक बारीक धातूची काडी असते. ज्योतीतून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह वाहू शकतो आणि या काडीमुळे तो इलेक्ट्रॉनिक पट्टीला कळतो. काही सेकंदांत ज्योत जाणवली नाही तर पट्टी गॅस बंद करते. ज्योत जाणवली तर बर्नर चालू राहतो. त्याच्यावर असलेल्या तांब्याच्या पेटीतून, म्हणजे पातळ पत्र्यांच्या दाट रांगांमधून गरम वायू वर जातात आणि त्या पेटीला वेढलेल्या नळीतले पाणी तापते.

म्हणजे पाण्याचा जोर, सेल, ठिणगी, गॅस, ज्योतीची खूण आणि वर जाणारा धूर अशी ही साखळी आहे. एक कडी निसटली तरी पुढचे काही होत नाही, आणि ते मुद्दामच तसे केलेले असते. ज्योत नसताना गॅस सुटू नये आणि पाणी नसताना ज्योत राहू नये, यासाठीच हा सगळा खटाटोप. अमेरिकेत मुलांकडे राहून आलेल्या अनेकांनी तिथला गॅसवर चालणारा कपडे वाळवण्याचा ड्रायर पाहिला असेल. त्यातही साधारण अशीच साखळी असते आणि तो ‘तापत नाही’ तेव्हाही बहुधा कुठल्यातरी सुरक्षा यंत्रणेनेच गॅस अडवलेला असतो.

टिकटिक येतच नाही

गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा आणि कान द्या. आवाज अजिबात नसेल तर पहिला संशय सेलवर घ्यावा. बहुतेक गिझरना १.५ व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात. दोन्ही एकदम बदलावेत, एक जुना आणि एक नवा असा संसार टिकत नाही. साध्या सेलऐवजी अल्कलाइन सेल घेतले तर ते अधिक दिवस चालतात. पुन्हा चार्ज होणारे सेल मात्र टाळावेत, कारण त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो आणि तेवढ्यावर गॅसची झडप नीट उघडेलच असे नाही. डबीतल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमली असेल तर नवे सेल घालूनही उपयोग होत नाही. कोरड्या कापडाने किंवा बारीक पॉलिश पेपरने ती घासून काढावी. बाथरूमच्या दमट हवेत हे हमखास होते.

एक चकवा लक्षात ठेवण्याजोगा आहे. उतरलेले सेल टॉर्चमध्ये घालून पाहिले तर ती मिणमिणती का होईना पेटते आणि ‘सेल चांगले आहेत’ असा निष्कर्ष निघतो. पण गिझरला ठिणगी आणि झडप ही दोन्ही कामे एकदम करायची असतात. त्यामुळे सेल पुरते संपण्याच्या बरेच आधी गिझर रुसतो.

सेल नवे असूनही आवाज नसेल तर प्रश्न बहुधा पाण्याचा आहे. डायफ्राम ढकलण्याइतका जोर पाण्याला नाही. इथे शहरी घरांचा एक गमतीचा उलटा न्याय दिसतो : इमारतीत सर्वांत वर राहणाऱ्याला, म्हणजे टाकीच्या अगदी जवळ असणाऱ्याला, दाब सर्वांत कमी मिळतो. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर ही उंची जेमतेम दोन-तीन मीटर असते, म्हणजे दाब ०.२ ते ०.३ बार. गिझर पेटायला किमान किती दाब लागतो हे त्याच्या अंगावरच्या पट्टीवर लिहिलेले असते. वरच्या मजल्यासाठी गिझर घेताना लिटर आणि किंमत पाहण्याआधी हा आकडा पाहायला हवा. तो सहसा कोणी पाहत नाही आणि मग छोटा प्रेशर पंप बसवण्याची वेळ येते.

गिझर काल चालत होता आणि आज नाही, असे असेल तर मात्र दाब अचानक का घटला ते शोधावे. गार पाणी आत येते त्या जोडाशी एक बारीक जाळी असते. टाकी धुतल्यानंतर किंवा पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यानंतर ती गाळाने बुजते. पाण्याचा कॉक बंद करून, नट सोडवून ती जाळी जुन्या टूथब्रशने धुता येते. शॉवरची भोके क्षारांनी बुजली असतील तरीही हाच परिणाम होतो, कारण पाणी बाहेर पडायला जागा नसेल तर ते वाहणार कसे? म्हणून तपासताना शॉवर नव्हे, खालचा बादलीचा नळ उघडावा. तिथे गिझर पेटला आणि शॉवरवर पेटला नाही, तर दोष शॉवरचा.

मिक्सर नळांची गोष्टही अशीच. गरम आणि गार दोन्ही बाजू एकदम उघडल्या की गार पाण्याचा जोर गरम पाण्याला मागे रेटतो. गिझरमधून जाणारा प्रवाह कमी होतो आणि तो विझतो. अंगावर एकाएकी गार पाणी येते आणि शिव्या गिझरला बसतात. आधी फक्त गरम बाजू उघडावी, गिझर पेटू द्यावा, मग गार पाणी हळूहळू मिसळावे.

जाळी स्वच्छ, पाण्याला जोर, सेल नवे, तरीही आवाज नाही, असे झाले तर रबराचा पडदा फाटलेला किंवा कडक झालेला असू शकतो, नाहीतर आतला स्विच गेलेला असतो. तिथे आपले काम संपते.

टिकटिक येते, ज्योत पेटत नाही

आता पाणी आणि सेल सुटले, राहिला गॅस. सिलिंडर संपला आहे का, रेग्युलेटरची कळ उघडी आहे का, मधला कॉक कोणी बंद केला आहे का, हे प्रश्न बाळबोध वाटतात. पण घरात चार माणसे आणि रेग्युलेटर एक असला की तेच उत्तर निघते. नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते. ती निघून जाईपर्यंत दोन-तीन वेळा नळ उघडून बंद करावा लागतो. मात्र दर वेळी मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे.

या थांबण्याला कारण आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो : प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन दुप्पट. न पेटलेला गॅस वर उडून जात नाही. तो फरशीवर, मोरीच्या खळग्यात साचतो. सात-आठ वेळा प्रयत्न करून नवव्यांदा ठिणगी पडली तर ती बर्नरपुरती राहीलच असे नाही. वास येत असेल तर प्रयत्न थांबवून रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. एलपीजी गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर आहे. पाइप गॅस असेल तर पुरवठा करणाऱ्या कंपनीचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो.

पुढचे झाकण काढून आगकाडीने बर्नर पेटवण्याची युक्ती काही घरांत चालते. ती करू नये, इतकेच त्याबद्दल सांगता येईल.

थंडीतली एक तक्रार मात्र खरीच गोंधळात टाकणारी असते. शेगडी छान पेटते, पण गिझर पेटत नाही किंवा मलूल जळतो. गॅस तर आहे! इथे हिशेब समजून घ्यावा लागतो. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे तर सुमारे १० किलोवॉट उष्णता लागते. हे विजेच्या ३ किलोवॉटच्या इन्स्टंट गिझरच्या तिपटीहून जास्त झाले. त्यासाठी तासाला जवळपास एक किलो एलपीजी या वेगाने गॅस जळतो, म्हणजे शेगडीचे चार-पाच मोठे बर्नर एकाच वेळी पूर्ण उघडावेत तसे. सिलिंडरमधला गॅस द्रवरूप असतो आणि त्याची वाफ होण्यासाठी उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातून, म्हणजे बाहेरच्या हवेतून मिळते. गार पहाटे, तळाला थोडासाच द्रव उरलेला असताना, एवढ्या वेगाने वाफ होत नाही. शिवाय प्रोपेन आधी उडून जातो आणि तळाशी ब्युटेनचे प्रमाण वाढते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतो, प्रोपेन उणे ४२ अंशांना. त्यामुळे संपत आलेला सिलिंडर शेगडीला पुरतो, गिझरला पुरत नाही. यात गिझरचा काही दोष नाही. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे किंवा त्याच्याजवळ शेगडी नेणे हे उपाय जीवघेणे आहेत. सिलिंडर बदलणे आणि उरलेला स्वयंपाकाला वापरणे हा सरळ मार्ग. एकाच रेग्युलेटरवर शेगडी आणि गिझर दोन्ही जोडले असतील तर डाळ शिजत असताना गिझरने मान टाकणेही त्यामुळेच होते.

पेटतो, पण काही सेकंदांत विझतो

ज्योत दिसते, दहा मोजेपर्यंत विझते. बहुतेक वेळा ज्योतीची खूण देणाऱ्या काडीवर काजळी किंवा गंज बसलेला असतो. ज्योत आहे, पण पट्टीला ती ‘दिसत’ नाही, म्हणून ती गॅस बंद करते. ही काडी साफ करणे पाच मिनिटांचे काम आहे, पण त्यासाठी झाकण उघडावे लागते, तेव्हा ते माहितगारानेच करावे. सेल उतरले असतील तरी हेच लक्षण दिसते, म्हणून आधी सेल बदलून पाहावेत. गिझर बाल्कनीत असेल तर वारा हेही कारण असू शकते. वारा थेट बर्नरवर येणार नाही, पण धूर मोकळा जाईल, अशी आडोशाची जागा हवी. आडोसा म्हणून चारी बाजूंनी पेटी करून गिझर कोंडणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

काही सेकंदांनी नव्हे, तर काही मिनिटांनी विझणारा गिझर ही वेगळी गोष्ट आहे. पहिली शक्यता निरुपद्रवी : अनेक मॉडेलमध्ये साधारण २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. नळ बंद करून पुन्हा उघडला की तो परत पेटतो. दुसरी शक्यता म्हणजे पाणी फार कमी वाहत असल्याने ते जास्त तापले आणि उष्णतेच्या सेन्सरने गॅस अडवला.

तिसऱ्या शक्यतेकडे मात्र दुर्लक्ष करू नये. काही गिझरमध्ये हवेतला प्राणवायू घटला की गॅस तोडणारी यंत्रणा असते. बाथरूममध्ये लावलेला गिझर दर वेळी आंघोळीच्या मध्यावर बंद पडतो आणि दार उघडून थोड्या वेळाने पुन्हा सुरळीत पेटतो, असे होत असेल तर त्याला बिघाड म्हणू नये. यंत्र आपले काम चोख करत आहे. अशा वेळी ‘सेन्सर खराब झालाय, काढून टाकतो, वायर थेट जोडून देतो’ असे कोणी म्हणाले तर त्याला तिथेच थांबवावे. गिझर लगेच चालू होईल, तक्रार मिटेल, मेकॅनिक हुशार ठरेल. फक्त धोक्याची सूचना देणारे घरात काहीही उरणार नाही.

ज्योत व्यवस्थित आहे, पाणी मात्र कोमट

गिझरवर ‘६ लिटर’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ टाकीची क्षमता असा अनेकांचा समज असतो. खरा अर्थ : मिनिटाला ६ लिटर पाणी, मूळ तापमानापेक्षा साधारण २५ अंशांनी गरम. ‘मूळ तापमानापेक्षा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उन्हाळ्यात टाकीतले पाणी २८ अंशांवर असेल तर नळातून ५३ अंशांचे पाणी येते, हात पोळतो. निफाडच्या थंडीत टाकीतले पाणी १५ अंशांवर उतरले तर तोच गिझर, तीच ज्योत, आणि पाणी ४० अंशांचे. लांबलचक गार नळीतून बाथरूमपर्यंत येताना त्यातले दोन-तीन अंश आणखी जातात. गिझर बिघडलेला नसतो, ऋतू बदललेला असतो. उपाय फुकटचा आहे : नळ थोडा कमी करा. पाणी अर्धे केले की तापमानातली वाढ जवळपास दुप्पट होते. गिझरवर गॅस आणि पाणी असे दोन खटके असतील तर हिवाळ्यात गॅस जास्त, पाणी कमी असे ठेवावे. काही मॉडेलवर उन्हाळा-हिवाळा असा खटकाच असतो आणि तो मार्चपासून ‘उन्हाळ्या’वरच राहिलेला असतो.

नळ कमी करूनही पाणी तापत नसेल तर क्षारांचा संशय घ्यावा. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत तांब्याच्या नळीच्या आतून पांढरा थर जमत जातो. चहाच्या पातेल्यात, शॉवरवर जो थर दिसतो तोच. ज्योतीची उष्णता या थरातून पाण्यापर्यंत पोहोचत नाही, प्रवाहही अरुंद होतो आणि गिझरमधून कुरकुर आवाज येऊ लागतो. हा थर रसायनाने विरघळवून काढता येतो. पण तांबे पातळ असते. ओळखीच्या माणसाने सांगितलेले टॉयलेट साफ करायचे ॲसिड घरच्या घरी ओतले तर थराबरोबर नळीही जाते.

आणखी एक कारण शहरांत वाढते आहे. सिलिंडर जाऊन पाइप गॅस आला, शेगडी बदलून दिली गेली, पण गिझर तसाच राहिला. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन असतो. तेवढ्याच आकारमानात त्याच्यात एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी उष्णता असते, म्हणून त्यासाठी बर्नरच्या जेटची भोके मोठी लागतात. एलपीजीचा गिझर पाइप गॅसवर जोडला तर ज्योत मरगळलेली आणि पाणी कोमट. याच्या उलट, पाइप गॅससाठी बनलेला गिझर घर बदलताना गावी नेऊन सिलिंडरला जोडला तर प्रकरण अधिक गंभीर : गॅस अति, हवा अपुरी, ज्योत लांब आणि पिवळी, आणि भरपूर काजळी. जेट बदलणे कंपनीच्या माणसाचे काम आहे, ‘भोक थोडे मोठे करून’ भागवण्याचे नव्हे.

पिवळी ज्योत आणि बंद बाथरूम

गॅस नीट जळतो तेव्हा ज्योत निळी असते. पिवळी, डोलणारी, टोकाला लालसर ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे. कधी जेटमध्ये कोळ्याचे जाळे किंवा धूळ असते, कधी वरच्या तांब्याच्या पेटीतल्या फटी काजळीने बुजून धूर वर जाऊ शकत नाही. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला जो उग्र वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळून गेलेल्या गॅसला तो नसतो. ‘वास आला नाही, म्हणजे सगळे ठीक’ हा समज इथे फसवतो.

आपल्याकडे पूर्वी तांब्याचा बंब असे. त्याचा धूर डोळ्यांना इतका झोंबे की तो आत पेटवून, दार लावून आंघोळ करण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. बंब अंगणात, पडवीत, नाहीतर धुराला वाट असलेल्या न्हाणीघरात. गॅसची ज्योत स्वच्छ दिसते, म्हणून ती दाराआड नेण्यात आपल्याला काही वावगे वाटेनासे झाले.

आकडे पाहिले तर धोका लगेच समजतो. चार फूट बाय सहा फूट, आठ फूट उंच बाथरूममध्ये सुमारे साडेपाच घनमीटर हवा असते. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. ६ लिटरचा गिझर १० मिनिटे चालला तर १६० ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो, म्हणजे दोन घनमीटर हवा वापरली जाते. दहा मिनिटांत बाथरूममधली एक तृतीयांशाहून अधिक हवा ज्योतीने वापरलेली असते. सगळा प्राणवायू संपेपर्यंत ज्योत थांबत नाही. प्राणवायू थोडा घटला तरी जळणे अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. घरात एकामागोमाग एक तिघांच्या आंघोळी झाल्या तर सर्वांत वाईट हवा तिसऱ्याच्या वाट्याला येते, आणि बहुतेक घरांत शेवटी आंघोळ कोण करते हे सांगायला नको.

एक्झॉस्ट फॅन आहे, मग काय हरकत, असा प्रश्न विचारला जातो. फॅन हवा बाहेर फेकतो, पण दाराखाली फट किंवा खाली जाळी नसेल तर नवी हवा येणार कुठून? काही वेळा फॅनच्या ओढीमुळे गिझरमधून वर जाणारे वायू उलट खाली खेचले जातात. इमारतीच्या बंद डक्टमध्ये गिझर लावणेही तितकेच वाईट. तिथला धूर शेजारच्या बाथरूमच्या खिडकीतून आत येऊ शकतो. गिझर बाहेर, उघड्या हवेत असावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत हेच लिहिलेले असते. तरीही अनेक फ्लॅटमध्ये बिल्डर गिझरचा पॉइंट बाथरूमच्या आतच देतो आणि भाड्याच्या घरात मालक ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ म्हणून नळी हलवू देत नाही. या युक्तिवादाला अर्थ नाही. काही झाले नाही, कारण तोपर्यंत ज्योत निळी होती किंवा खिडकी उघडी होती. थंडीत खिडकी बंद होते.

गिझर हलवणे तातडीने शक्य नसेल तर निदान एवढे करता येते : दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आत जाऊन कडी लावावी. शॉवरची हौस विजेच्या गिझरवर भागवावी. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाजारात मिळतो, तो घ्यायला हरकत नाही. मात्र एलपीजी गळतीचा अलार्म आणि हा अलार्म वेगळे आहेत. एक असला म्हणजे दुसऱ्याचे काम होत नाही.

आंघोळ करताना चक्कर आली तर?

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ आणि मुख्य म्हणजे पायांतले त्राण जाणे ही त्याची लक्षणे. अनेकांना काहीतरी चुकते आहे हे कळते, पण उठून कडी काढण्याइतकी शक्ती उरत नाही. काही जणांना झटका येतो. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांबद्दल वैद्यकीय नियतकालिकांत लिहिले आहे : बाथरूममध्ये झटका आला म्हणून मिरगीची शंका घेतली गेली आणि खरे कारण गॅस गिझर निघाले.

बाथरूममधून उत्तर येत नसेल तर दार तोडण्यात वेळ दवडू नये. आत धावणाऱ्यानेही आधी दार-खिडक्या सताड उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करायला दुसऱ्याला सांगावे आणि माणसाला मोकळ्या हवेत आणावे. श्वास चालत नसेल तर तिथेच छातीवर दाब देणे सुरू करावे. रुग्णवाहिकेसाठी १०८. घरी ऑक्सिमीटर असेल आणि तो ९८ दाखवत असेल तर त्यावर विसंबू नये. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूचेच समजते. रुग्णालयात ‘बाथरूममध्ये पडले’ एवढेच न सांगता ‘गॅस गिझर चालू होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. त्यामुळे रक्ताची योग्य तपासणी आणि शुद्ध प्राणवायू लगेच सुरू होतो. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर एक-दीड तास. शुद्धीवर आल्यावर ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी थांबू नये. विसराळूपणा, चालण्यात बदल अशी लक्षणे काही दिवसांनीही दिसू शकतात.

मेकॅनिक आल्यावर काय पाहावे?

वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, गिझर उघडून साफ करून घेणे योग्य. डिसेंबरात माणूस मिळत नाही. फोनवर ‘तापत नाही’ एवढेच न सांगता ‘टिकटिक येते, ज्योत दहा सेकंदांनी जाते, सेल नवे आहेत’ असे सांगितले तर तो योग्य सुटा भाग घेऊन येतो आणि एक खेप वाचते. तो आल्यावर बर्नरची भोके, जेट, ज्योतीची काडी, पाण्याची जाळी आणि वरच्या तांब्याच्या पेटीतली काजळी या गोष्टी साफ झाल्या का, हे पाहावे. पेटीकडे सहसा दुर्लक्ष होते, कारण ती काढायला वेळ लागतो. गॅसची रबरी नळी पाच वर्षांहून जुनी किंवा भेगाळलेली असेल तर सुरक्षा होज म्हणून मिळणारी आयएसआय खुणेची नळी बसवून घ्यावी. जोड सोडले असतील तर पुन्हा आवळल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते आपल्यासमोर बघायला सांगावे.

झाकण बसवण्यापूर्वी गिझर एकदा पेटवून ज्योत दाखवायला सांगा. सगळीकडे सारखी निळी ज्योत हवी. मग दोन साध्या चाचण्या : गिझर चालू असताना पाण्याचा नळ बंद केला की ज्योत त्या क्षणी जायला हवी, आणि गॅसचा कॉक बंद करून पाणी सोडले तर काही सेकंद टिकटिक होऊन ती आपोआप थांबायला हवी. बदललेले जुने भाग मागून घ्या. त्यात एखादा सेन्सर दिसला आणि त्याच्या जागी नवा बसवलेला नसेल, तर गिझर वापरण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करा.